फी भरून तुडवलेला चिखल

श्रीरामपूरला रेल्वेने जायचं तर तिकीट बेलापूरचं काढावं लागतं. दौंड-मनमाड मार्गावर गाडी धावू लागली ती १८७८ साली. तेव्हा इथे नाव घ्यावं असं गावच नव्हतं, म्हणून प्रवरेकाठच्या जुन्या बेलापूरचं नाव स्टेशनला मिळालं. पुढे स्टेशनभोवती पेठ वसली, वखारी आल्या, गूळ आला, साखर आली आणि गाव मोठं होऊन स्वतःच्या नावाने मिरवू लागलं. स्टेशन मात्र लग्नानंतरही माहेरचं नाव न सोडणाऱ्या बाईसारखं बेलापूरच राहिलं. अशा स्टेशनवर पाठीला पिशवी, काखेत चटई आणि डोक्यावर उन्हाची टोपी घालून उतरणाऱ्या साठीच्या माणसाला रिक्षावाला काय विचारणार? त्याने विचारलं, "योगाचं शिबिर का, काका?" म्हटलं, नाही, मातीचं घर बांधायला शिकायचंय, निवासी कार्यशाळा आहे. त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग बराच वेळ रिक्षा चालवण्यात घालवून म्हणाला, "आमचं मातीचं घर आमी मागल्याच साली पाडलं. आधी कळवलं असतं तर तुमाला फुकाट दावलं असतं." थोड्या वेळाने, "फी हाय का त्याला?" फीचा आकडा मी जरा कमी करून सांगितला.

घर त्याने उगाच पाडलं नव्हतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या कुटुंबाला एक लाख वीस हजार रुपये मिळतात आणि ते मिळवायचे तर आधीचं घर कच्चं असावं लागतं. मातीची भिंत सरकारी कागदावर कच्चीच. मग ती चार पिढ्या उभी असो, तिच्या कोनाड्यात लावलेल्या दिव्यांची काजळी बोटभर जाड असो, ती कच्ची. घराचे फोटो काढले जातात, हप्ते पडतात, विटा येतात, आणि रिक्षावाला सांगत होता तसं "एकदाचं नाव पक्क्यात जातं." यात नवं काही नाही म्हणा. अहमदनगरचा भुईकोट किल्लासुद्धा आधी मातीच्या तटाचा होता. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात तो दगडात बांधून काढला. नगर जिल्ह्यात कच्च्यातून पक्क्यात जाण्याची ओढ निदान साडेचारशे वर्षांची तरी आहे. तिच्या उलट्या दिशेने, तेही पैसे भरून निघालेलो आम्हीच.

शिबिर गावाबाहेर, कालव्याच्या खालच्या अंगाला एका शेतावर होतं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेचं पाणी कालव्यांनी खाली उतरलं आणि हा सगळा मुलूख उसाचा झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस इतका दाट की दोन भिंतींच्या मधल्या बोळातून चालल्यासारखं वाटतं. त्या उसाच्या पोटात एक मोकळी जागा, दोन शेड, एक आंबा आणि आम्ही. पुण्याच्या संगणक कंपनीतला एक तरुण, ज्याने सगळं सोडून शेती करायचं ठरवलं होतं पण राजीनामा अजून दिला नव्हता. वास्तुकला शिकणाऱ्या दोन मुली. ठाण्याचं एक जोडपं आणि त्यांचा रांगता मुलगा. लातूरकडच्या एक शिक्षिका, आपल्या शेतावर एक खोली बांधायची म्हणून आलेल्या. आणि मी, बँकेतून निवृत्त झालेला, ज्याने आयुष्यभर लोकांच्या घरांना कर्जं मंजूर केली आणि स्वतः कधी एक वीट उचलली नाही. शिकवणारे दोघे आमच्या मुलांच्या वयाचे. त्यांनी पहिल्या संध्याकाळी पडद्यावर चित्रं दाखवली. येमेनमधल्या शिबामचे मातीचे उंच उंच वाडे. केरळात अर्धं आयुष्य घालवणारे वास्तुकार लॉरी बेकर. आणि दीदी कॉन्ट्रॅक्टर, ज्या लग्नानंतर काही वर्षं आपल्या नाशकात राहिल्या आणि पुढे हिमाचलातल्या कांगड्यात, वास्तुकलेची कुठलीही पदवी नसताना, मातीची देखणी घरं उभी करत गेल्या. त्यांना २०१८ सालचा नारीशक्ती पुरस्कार मिळाला तेव्हा त्या नव्वदीला टेकल्या होत्या. हे ऐकून मी गुडघे चोळायचं थांबवलं.

मग माती. नगर जिल्ह्यातल्या माणसाला काळ्या मातीचा अभिमान असतो, आणि इथे पहिल्याच सकाळी कळलं की ही माती पिकाची माय असली तरी भिंतीची वैरीण आहे. पाणी प्यायली की फुगते, उन्हाने आटली की फाटते. वैशाखात हिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. अशा मातीची भिंत बांधली तर ती पावसाळ्यात श्वास घेईल आणि उन्हाळ्यात सोडेल, घरातली माणसं मात्र दोन्ही ऋतूंत धरून ठेवतील. भिंतीला लागते पांढरी, म्हणजे जुन्या गावठाणाची माती. पिढ्यान्‌पिढ्या घरं बांधली, पडली, राख मिसळली, पुन्हा बांधली, अशी मुरलेली. आमच्यासाठी ती शेजारच्या गावातल्या एका पडक्या घरातून आली. मालकाने मातीचे पैसे घेतले नाहीत, ट्रॉलीवाल्याने भाडं घेतलं. ट्रॉली रिकामी झाली तेव्हा ढिगात निळा रंग लागलेलं एक ढेकूळ निघालं, कुणाच्या तरी माजघराच्या भिंतीचं. ते कुणीच फोडलं नाही. संध्याकाळपर्यंत ते आंब्याखाली तसंच राहिलं आणि मग पाणी लागून आपोआप माती झालं. पक्क्या घराच्या विटेला हे जमत नाही. ती फुटते, पण परत माती होत नाही.

मातीची परीक्षा घ्यायच्या रीती गमतीच्या आहेत. ओल्या मातीचा गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून टाकायचा. पसरला तर पाणी जास्त, विखुरला तर चिकणमाती कमी. वळकटी करून तळहातावरून खाली सोडत न्यायची आणि किती लांबीवर तुटते ते बघायचं. आणि चिमूटभर दातांखाली धरायची. वाळू असेल तर करकरते, पोयटा पिठासारखा लागतो, चिकणमाती टाळूला चिकटते. संगणकवाला तरुण, वास्तुकलेच्या दोन मुली, बँकेचा निवृत्त अधिकारी, सगळे ओळीने उभे राहून डोळे मिटून माती चघळत होते. ज्या गोष्टीसाठी आईने लहानपणी पाठीत धपाटा घातला होता, ती आता अभ्यासक्रमात होती. यशोदेने बाळकृष्णाला माती खाल्ली म्हणून तोंड उघडायला लावलं आणि तिला आत ब्रह्मांड दिसलं. शिकवणाऱ्या दोघांनी आम्हाला तोंड उघडायला लावलं नाही हे बरं. त्यांना फक्त वाळूचं प्रमाण दिसलं असतं, तेही थोडं कमी.

रात्री बरण्या भरल्या. काचेच्या बरणीत माती, वरून पाणी, चिमूटभर मीठ, खूप हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाला जाते, त्यावर पोयटा, आणि चिकणमाती मात्र तास न्‌ तास पाण्यात तरंगत राहते. मी कंदिलाच्या उजेडात त्या बरण्यांसमोर बराच वेळ बसलो. साहित्य संमेलनाच्या मांडवात वजनदार मंडळी आल्या आल्या पुढच्या रांगेत स्थिरावतात आणि नवखा कवी मात्र शेवटपर्यंत कुठे बसावं हे न कळून फिरत राहतो, तसं ते सगळं होतं. पण भिंत धरून ठेवते ती हीच न बसलेली. वाळू ताकद देते, भुसा ताण सोसतो, पण एकमेकांना धरायला लावायचं काम या सगळ्यात उशिरा जागेवर येणाऱ्या बारीक कणांचं.

पांढरीत वाळू कमी निघाली, आणि इथे आमचा आदर्शवाद तहसील कचेरीच्या दारात जाऊन उभा राहिला. गांधीजींचं म्हणणं होतं की आदर्श खेड्यातलं घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या वस्तूंतूनच बांधलेलं असावं, आणि लॉरी बेकर यांनी हे म्हणणं आयुष्यभर उराशी धरलं. १९३६ साली सेवाग्रामला बापूंची कुटी उभी राहिली ती माती, बांबू आणि कौलांची. मीराबेननी तिच्या भिंतींवर मातीतूनच ताडाची झाडं आणि चरखा उठवला. त्याच वर्ध्यात १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू झालं आणि त्यांनी माती आणि कौलं यांच्यापासून स्वस्त, टिकाऊ घरं कशी करता येतील यावर वर्षानुवर्षं काम केलं. हे सगळं आम्ही भक्तिभावाने ऐकलं होतं. श्रीरामपूरभोवती पाच मैलांचं वर्तुळ काढलं तर त्यात ऊस येतो, ऊस येतो आणि मग पुन्हा ऊस येतो. वाळूही येते, नदी काही लांब नाही. पण ती गौण खनिज आहे, तिला परवाना लागतो, रॉयल्टीची पावती लागते, आणि पावती नसलेली वाळू रात्री दिवे मालवलेल्या ट्रॅक्टरमधून ज्या वेगाने जाते तो वेग आमच्या सात्त्विक उपक्रमाला झेपणारा नव्हता. शेवटी शेतमालकाने कुणाच्या तरी अर्धवट राहिलेल्या सिमेंटच्या घरापुढचा उरलेला ढीग पावतीसकट विकत घेतला. नैसर्गिक घराला सिमेंटच्या घराने वाळू दिली. शेजारधर्म म्हणायचा.

चिखल तुडवायची पाळी आली तेव्हा सगळ्यांनी पँटी वर दुमडल्या. माती, वाळू, गव्हाचा भुसा, पाणी, आणि पाय. याला ते कॉब म्हणतात. आधी गार, मग गिळगिळीत, मग हळूहळू टाचेला धरू लागणारा, आणि शेवटी असा घट्ट की पाय ओढून काढताना जमीन नाखुशीने सोडते. पाच मिनिटांत सगळ्यांना गाणी सुचू लागली, दहा मिनिटांत दम लागला. ठाण्याच्या जोडप्याचा रांगता मुलगा चटईवरून निसटून चिखलाच्या दिशेने निघाला, आणि एक गोष्ट घडली जी कुणी कुणाला शिकवली नव्हती. आम्ही सगळे एकदम थांबलो. सगळे पाय जागच्या जागी रुतले. मराठी माणसाच्या पायाखाली चिखल आणि जवळ रांगतं मूल आलं की तेरची ती गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. गोरोबाकाका विठ्ठलाच्या नावात रंगून माती तुडवत होते आणि पायाखाली काय आलं ते त्यांना कळलं नाही. आमच्यापैकी कुणीच इतकं रंगलेलं नव्हतं, हे आमच्या साधनेला कमीपणा आणणारं असलं तरी त्या बाळाच्या फायद्याचं होतं. आईने त्याला उचललं. त्याने जाता जाता मूठभर चिखल तोंडात घातला आणि कुणी न सांगता मातीची परीक्षा पूर्ण केली.

भिंत चढू लागली. कॉबची भिंत घाई सोसत नाही. एका दिवसात हात-दीड हात थर चढवायचा, मग तो सुकेपर्यंत थांबायचं. उत्साहाला हे गणित पटत नसतं. आळंदीच्या ज्ञानदेवांची भिंत चांगदेवांना भेटायला चालत गेली. आमच्या भिंतीनेही एका सकाळी चालायला सुरुवात केली होती, मात्र भेटीसाठी नाही, उताराच्या दिशेने. शिक्षकांनी शांतपणे फुगलेला भाग कापून काढला, पुन्हा पाण्यात टाकला, पुन्हा तुडवला. कापलेलं वाया जात नाही, हे या कामातलं मोठं औदार्य आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात मातीच्या घरांबद्दल म्हणतात की त्यांना चांगली टोपी आणि चांगले बूट द्या, म्हणजे ती टिकतात. आपल्याकडे हेच काम दगडी जोतं आणि रुंद पागोळ्या करत आल्या आहेत. पाऊस डोक्यावर पडू द्यायचा नाही आणि पायांत ओल शिरू द्यायची नाही, एवढंच. गिलाव्याला चुना होता. तो आधीच मुरवून ठेवलेला, त्यात बेलफळाचा चीक आणि गुळाचं पाणी. श्रीरामपूरच्या भिंतीने गूळ खाल्ला नाही तर कुणी खावा? मुंग्यांनी मात्र यावर स्वतःचा हक्क सांगितला आणि पहाटेपर्यंत त्यांची दिंडी भिंतीवर चढली होती.

शेजारच्या वाफ्यात एक वेगळंच बांधकाम चालू होतं. साखर कारखान्याचा हंगाम होता, आणि बीडकडून ऊसतोडीला आलेली एक टोळी तिथे उतरली होती. आम्ही पहिल्या थराच्या पाण्याचं प्रमाण ठरवत होतो तेवढ्या वेळात त्यांच्या सहा कोप्या उभ्या राहिल्या. चार बांबू, चटई, उसाचं पाचट, वर ताडपत्री, दाराशी तीन दगडांची चूल, बाजूला बैलांची जागा. मोजमाप नाही, चित्र नाही, चर्चा नाही. सगळं सामान पाच मैल कशाला, पाच पावलांतलं. ऊस संपला की कोपी मोडून गाडीवर. संध्याकाळी त्यातली एक बाई हंडा घेऊन आमच्या बोअरवर आली, आमची अर्धी भिंत, आमचे चिखलाने माखलेले पाय आणि ठाण्याच्या बाईंच्या गळ्यातला कॅमेरा तिने पाहिला. तिचा चेहरा खरोखर कळवळला. तिने विचारलं, "काय वो ताई, तुमचं घर पुरात गेलं का?" ठाण्याच्या बाई म्हणाल्या, नाही, आम्ही शिकायला आलोय. ती समजुतीने मान हलवत निघून गेली. आणि थोड्या वेळाने एक मुलगा येऊन तिने पाठवलेल्या दोन बाजरीच्या भाकरी आणि ठेचा देऊन गेला. तिला आमचं उत्तर पटलेलं नव्हतं.

एका दुपारी आम्हाला दायमाबादला नेलं. श्रीरामपूर तालुक्यातलंच, प्रवरेच्या डाव्या तीरावरचं टेकाड. १९५८ साली बोपर्डीकरांना ते सापडलं, मग एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. शेवटचं आणि मोठं उत्खनन १९७५ ते १९७९ या काळात झालं. शाळेच्या पुस्तकात दायमाबाद येतं ते ब्राँझच्या हत्ती, गेंडा, म्हैस आणि रथासाठी. १९७४ साली एका स्थानिक शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ती खेळणी म्हणावी की देव म्हणावेत अशी वजनदार शिल्पं मिळाली, आणि ती आता संग्रहालयात आहेत. टेकाडावर आज पाहण्यासारखं काही नाही. बाभळी, खापरांचे तुकडे, गुरांची वाट. पण पायाखाली माती होती ती इ.स.पू. २२००च्या सुमारापासून इ.स.पू. १०००पर्यंत इथे राहिलेल्या माणसांच्या भिंतींची. आयताकृती घरं, मातीच्या भिंती, खांबांचे खड्डे, चुली, ठोकून घट्ट केलेल्या जमिनी. घर पडलं की तेच सपाट करून वर दुसरं, असं करत करत टेकाड उंच होत गेलं. संगणकवाला तरुण म्हणाला, "म्हणजे आपण जे शिकतोय ते इथे चार हजार वर्षांपूर्वी येत होतं." शिक्षक म्हणाले, हो. तो जरा हिरमुसला. आपण काहीतरी नवं करतोय अशी त्याची समजूत होती. मला उलट बरं वाटलं. ब्राँझचा रथ ओतणारा कारागीर संध्याकाळी ज्या घरी परतत असेल ते घर मातीचं होतं, आणि त्याच्याही बायकोने त्याला विचारलं असेल की पाऊस तोंडावर आलाय, भिंतीचं काय करणार आहात.

परतताना ट्रॉलीत लातूरकडच्या शिक्षिका गप्प होत्या. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं ते सगळ्यांच्या मनात होतं पण कुणी काढलं नव्हतं. "आणि भूकंप झाला तर?" ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. किल्लारीच्या परिसरात जवळपास दहा हजार माणसं गेली, बहुतेक झोपेत, स्वतःच्याच घराखाली. शिक्षकांनी टाळलं नाही. त्यांनी सांगितलं की त्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या होत्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. आणि वर माळवदाचा मातीचा जाड थर, दरवर्षी भर घालून आणखी जड झालेला. हलक्या छपराचं, नीट बांधलेलं, कोपऱ्यांना आणि माथ्याला पट्ट्यांनी जखडलेलं घर वेगळं वागतं. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पटलं. पण आमच्याकडे अजून माणसं पत्र्याखालीच झोपतात. उकडतं, तरी झोप लागते." यावर उत्तर नव्हतं आणि कुणी दिलंही नाही. माझं आजोळ राहुरीकडचं, धाब्याचं. लहानपणी गच्चीवरच्या त्या मातीवर झोपून चांदण्या मोजताना तिचं खाली किती वजन पडत असेल हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

शेवटचा धडा सारवणाचा. त्यासाठी शेजारच्या वस्तीवरच्या एका आज्जींना बोलावलं होतं. आधी शेणावरून वाद झाला. आसपास सगळ्या संकरित गाई. आज्जींनी ते शेण बोटांत घेऊन पाहिलं आणि "यात काय जीव नाय" म्हणून बाजूला सारलं. देशी गाईचं शेण दोन वस्त्या पलीकडून आलं. मग त्या बसल्या, एका हाताने नऊवारी सावरून दुसऱ्या हाताने त्यांनी काला ओढायला सुरुवात केली, आणि भिंतीचं बांधकाम शिकवणारे आमचे दोन्ही शिक्षक वहीपेन घेऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. हाताची अर्धवर्तुळं एकात एक अडकत दाराकडे सरकत होती. कुठे जोड दिसत नव्हता. मला माझी आजी आठवली. तिची सारवलेली जमीन वाळेपर्यंत आम्हाला उंबऱ्यावर बसवून ठेवलेलं असे. मी आयुष्यभर त्या जमिनीच्या गारव्याबद्दल हळवं होऊन बोलत आलो. त्या अर्धवर्तुळांमागे एक खांदा होता हे तिथे बसल्यावर दिसलं. वास्तुकलेच्या एका मुलीने डोळे मोठे करून विचारलं, "आज्जी, तुमच्या घरी अजून असंच सारवता?"

"न्हाय गं बाई," आज्जी हात न थांबवता म्हणाल्या. "पोरानं फरशी बसवली."

"अरेरे," ती म्हणाली. सगळ्यांच्याच तोंडून तो शब्द येणार होता.

"अरेरे काय? सणाला सारवा, घट बसायच्या आधी भिंती लिंपा, पाऊस उघडला की पोपडे भरा, पावणे यायचे म्हणून परत सारवा. फरशी बसली अन् मला दुपार घावली. त्या दिवशी मी पैल्यांदा दुपारची झोपले." एवढं बोलून त्यांनी दाराशी शेवटचा हात फिरवला, उठल्या, आणि आम्हाला ओल्या जमिनीवर पाय न ठेवण्याची ताकीद दिली. त्यांचं मानधन त्यांनी मोजून घेतलं. आम्हाला शेवटी प्रमाणपत्रं मिळाली, त्यांना नाही. त्यांनी मागितलंही नाही.

मातीचं घर उन्हाळ्यात गार असतं, थंडीत ऊब देतं, पडलं तर शेताला जातं, त्याला भट्टी लागत नाही. हे सगळं खरं आहे आणि शिबिरात ते आम्ही हातांनी तपासून पाहिलं. पण ते बांधून संपत नाही हेही तितकंच खरं आहे. आफ्रिकेत मालीतल्या जेन्ने गावची मोठी मशीद १९०७ साली आज आहे त्या रूपात उभी राहिली. तिला दरवर्षी सगळं गाव मिळून नवा मातीचा लेप देतं. तो उत्सव असतो, बायका पाणी आणतात, पुरुष शिड्यांवर चढून लिंपतात, ढोल वाजतात. एका मशिदीला सगळं गाव पुरतं. आपल्याकडे घरटी एक बाई होती, आणि ढोल नव्हता. गावांनी सिमेंटकडे धाव घेतली ती अडाणीपणाने किंवा दिखाव्याच्या हौसेने, असं आमच्यापैकी काहीजण शिबिराच्या सुरुवातीला म्हणत होते. आज्जींच्या दुपारनंतर ते कुणी म्हणालं नाही.

तेव्हा कुणाला मातीचं घर बांधायचं असेल तर जरूर बांधावं. काळी माती घेऊ नये, जोतं दगडी करावं, पागोळ्या रुंद सोडाव्यात, छप्पर हलकं ठेवावं, कोपरे आणि माथा बांधून घ्यावा, एका दिवसात भिंत फार चढवू नये. आणि पाया खणायच्या आधी एका कागदावर लिहून काढावं की दरवर्षी घट बसायच्या आत या भिंती कोण लिंपणार आहे, नावानिशी. त्या कागदावर घरातल्या बाईचं एकटीचंच नाव आलं, तर सरळ सिमेंटच्या गोण्या मागवाव्यात.